लॅव्हेंडर: सव्वा वर्ष कुंडीत वाढवल्यानंतरचा अनुभव

पहिलं रोप मी पाणी घालून घालून मारलं. पानं मलूल दिसली की तहान लागली असेल म्हणून तांब्याभर पाणी ओतायचे. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली, मग करडी झाली. उपटून पाहिलं तर मातीला कुबट वास, मुळं तपकिरी. बोटांनी चोळली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडही तहानलेल्यासारखीच मान टाकतं. हे वेळेवर कळलं नाही याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या रोपाला सव्वा वर्ष झालं आणि मी त्याच्यावर मनापासून खूश आहे. भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरची ही वनस्पती. तिला कसदार माती नकोच असते. या वेळी निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि बारीक खडी घेतली. खत जवळजवळ नाही. कुंडी भाजक्या मातीची, कारण ती बाजूंनीही ओल सोडते. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही तळातून निथळेपर्यंत. नवीन रोपाला मात्र लगेच उपाशी ठेवू नका; पाण्याविना तग धरायची ताकद मुळं नीट पसरल्यावर येते.

रोज सहा तास थेट ऊन हवंच. मध्ये दीड महिना कुंडी घरात होती, तेवढ्यात फांद्या किडकिडीत होऊन उजेडाकडे झुकल्या.

फुलोरा आला तेव्हा भिंगातून पाहिलं. जांभळ्या पाकळ्या ज्या लवदार नळीतून डोकावतात, त्या नळीवर लवेच्या आड तेलाचे चकचकीत ठिपके असतात. खरा सुगंध तिथला. म्हणून पाकळ्या गळून गेल्यावरही वाळलेली कणसं महिनोन्‌महिने घमघमतात.

फुलं सरल्यावर वरचा तिसरा हिस्सा छाटला. एक फांदी चुकून खालच्या बिनपानांच्या जून लाकडापर्यंत कापली गेली, तिला आजतागायत फुटवा नाही. हिरवी पानं राखूनच कात्री लावा.

तक्रार एकच: दमट हवा हिला सोसत नाही. माझी जात अँगुस्टिफोलिया. दातेरी पानांची डेंटाटा दमटपणा जरा जास्त सोसते, म्हणून पुढचं रोप तिचं आणणार आहे. छाटणीतल्या तीन बिनफुलांच्या कोवळ्या काड्या वाळूत खोचल्या होत्या. त्यातल्या दोन रुजल्या.