शेअर ॲपवर दिसतात, पण डिमॅटमध्ये आहेत का?

व्हॉट्सॲपवर टिप्सचा ग्रुप, त्यात रोज 'सर, आज चाळीस हजार सुटले' म्हणत स्क्रीनशॉट टाकणारी मंडळी, आणि मग 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट'चं आमिष. मुंबईत पीएफ-ग्रॅच्युइटी नुकती हातात आलेल्या माणसाला गाठायची भामट्यांची ही ठरलेली वाट. परदेशी संस्थांच्या कोट्यातून आयपीओ, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीतले शेअर, हमखास मिळेल, शेअर जमा होतात ते डिमॅट खातं लागणार नाही, असं सांगतात. एफपीआयचा, म्हणजे परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा, मार्ग भारतात राहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला खुला नाहीच. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ मध्ये तसा जाहीर इशाराही दिला होता. विश्वास बसावा म्हणून बीकेसीतल्या सेबी भवनाचा पत्ता छापलेलं प्रमाणपत्र पाठवतात. त्यावरचा 'आयएनझेड'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक कित्येकदा खरा असतो, पण दुसऱ्याच ब्रोकरचा.

मग लिंकवरून ॲप घ्यायला लावतात. दहा हजार भरले की बारा दिसतात, वरचे दोन काढताही येतात, आणि तिथेच माणूस गळाला लागतो. पुढे एक लाखाचा आयपीओ अर्ज केला तर 'नऊ लाखांचे शेअर लागले, उरलेले आठ भरा, नाहीतर खातं गोठवू' असा तगादा. खऱ्या आयपीओत हे शक्यच नाही. आयपीओ अर्जाच्या ॲस्बा पद्धतीत रक्कम तुमच्याच बँक खात्यात ब्लॉक राहते, लागलेल्या शेअरपुरतीच कापली जाते, आणि अर्जापेक्षा जास्त शेअर कुणी गळ्यात मारत नाही.

पैसे पाठवताना लाभार्थीचं नाव वाचा. दर वेळी कुठल्यातरी वेगळ्याच 'एंटरप्रायझेस'चं करंट खातं असेल तर तिथेच थांबा. नोंदणीकृत ब्रोकर पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात घेतो आणि त्या नावात 'यूएससीएनबी' ही अक्षरं असतात. यूपीआय आयडी किंवा खातं सेबीच्या 'सेबी चेक' सुविधेवर आधी तपासता येतं.

खरी परीक्षा मात्र डिपॉझिटरीची, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची. शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर जमा होतात, ॲप फक्त ते दाखवतं. सीडीएसएलचा डिमॅट क्रमांक १६ आकडी, एनएसडीएलचा 'आयएन' आणि पुढे १४ आकडे. बाजारात सोमवारी घेतलेला शेअर, सुट्टी नसेल तर, मंगळवारी खात्यात येतो. सौद्याची पावती, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, २४ तासांत. डिपॉझिटरीच्या स्वतःच्या साइटवर लॉगिन करून बघा. तिथे शेअर नसतील तर ॲपवरचे साठ लाख म्हणजे नुसते आकडे.

पैसे काढायला गेलं की शेवटचा वार: 'नफ्यावर २० टक्के कर आधी भरा.' हा आकडा लोकांना पटतो, कारण शेअरवरच्या शॉर्ट टर्म (अल्पमुदतीच्या) नफ्यावरच्या कराचा दर खरोखर तेवढाच आहे. पण इथल्या रहिवाशाकडून हा कर ब्रोकर गोळा करत नाही. आगाऊ कर म्हणून किंवा रिटर्नच्या वेळी आपणच सरकारला भरतो. ब्रोकर ब्रोकरेजबरोबर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टॅम्प ड्युटी, जीएसटी लावतो, तेही सौद्यासोबतच.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० ला फोन, मग सायबर क्राइम पोर्टल. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक जवळ ठेवा. ॲप आणि चॅट रागाच्या भरात उडवू नका, पुरावा तोच. सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकून वाट बघण्यात वेळ जातो. तिथे नोंदणीकृत मध्यस्थ आणि लिस्टेड कंपन्यांविरुद्धच दाद लागते. आणि नंतर 'रक्कम सोडवून देतो, फी आगाऊ' असा फोन आला तर तोही कापा.