डेब्स, मिडलवेअर की व्हीएलडीबी: पेपर पाठवायचा कुठे?

सेन्सरसारख्या ठिकाणांहून सतत येणाऱ्या नोंदींवर, म्हणजे घटनांच्या प्रवाहावर, संशोधन करणाऱ्यांना काम पूर्ण होत आलं की हा प्रश्न हमखास येतो. या तिन्ही संगणकशास्त्रातल्या संशोधन परिषदा. नाव बघून ठरवू नका, पेपरचा जीव कशात आहे ते बघा.

वजन पाहिलं तर डेटाबेसवरची व्हीएलडीबी सर्वांत भारी. 1975 पासूनची परिषद, शिवाय पेपर दर महिन्याला पाठवता येतो आणि परीक्षक सुधारणा सुचवून पुन्हा संधी देऊ शकतात. स्ट्रीम प्रोसेसिंगचं, म्हणजे असा प्रवाह येता येताच हाताळण्याचं, महत्त्वाचं कामही तिथे आलंय. गूगलचा डेटाफ्लो मॉडेलवरचा पेपर 2015 चा. पण तिथे स्पर्धा अख्ख्या डेटाबेस जगाशी असते. नवं इंजिन किंवा क्वेरीचा (डेटाला विचारलेल्या प्रश्नाचा) वेग हा तुमचा मुद्दा असेल, तरच तिकडे वळा.

मिडलवेअर 1998 पासूनची. ब्रोकर (संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यातला दुवा), मेसेजिंग, क्लाउडवरची मांडणी असा भर असेल तर ती योग्य.

एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची डेब्स 2002 मध्ये कार्यशाळा म्हणून सुरू झाली आणि 2007 पासून परिषद झाली. आकाराने लहान, पण विषय नेमका. समजा, सेन्सरची नोंद 10 वाजताची आहे आणि पोचली सात सेकंद उशिरा, विंडो (मोजणीचा ठरावीक कालावधी) बंद झाल्यावर. मोजायची की सोडायची? असल्या प्रश्नात तुमचं काम रुतलेलं असेल, तर तो समजून घेणारे परीक्षक इथे भेटतात. माझा कल उघडच डेब्सकडे आहे.

त्याचं आणखी एक कारण म्हणजे तिथली ग्रँड चॅलेंज ही स्पर्धा. सगळ्यांना एकच डेटा, तेच प्रश्न. उत्तर अचूक हवं आणि झटपटही. 2013 मध्ये फुटबॉल सामन्याचा डेटा होता. खेळाडूंवर बसवलेले सेन्सर सेकंदाला 200 वेळा नोंद करत, चेंडूतले 2000 वेळा. मिळून सेकंदाला सुमारे 15,000 घटना! त्यातून चेंडू कोणाच्या ताब्यात आहे ते सामना चालू असल्यासारखं सांगायचं. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा डेटा आला: मागच्या अर्ध्या तासातले सर्वाधिक वर्दळीचे दहा मार्ग सतत ताजे ठेवायचे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असाल आणि स्वतःची कल्पना अजून पिकली नसेल, तर इथूनच सुरुवात करा. प्रश्न आयता मिळतो, कस तुमच्या मांडणीचा लागतो. निवड समितीत मात्र अनेकदा फक्त परिषदेचं मानांकन बघतात. नोकरी तोंडावर आली असेल तर व्हीएलडीबीचा प्रयत्न आधी करा. तिथे नकार आला तर परीक्षकांचे शेरे नीट वाचा. ‘हे फक्त स्ट्रीमिंगपुरतंच आहे’ असा सूर दिसला, तर पुढचा पत्ता डेब्सचा.