न्यू जर्सीत फर्नेस तपासणीच्या नावाखाली झालेली फसवणूक

थंडी तोंडावर आली की इकडे टपालपेटीत फर्नेसच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या, 'ट्यून-अप'ची (तपासणी-साफसफाईची) कूपनं पडायला लागतात. ४९ डॉलर, ५९ डॉलर. एवढ्यात माणूस, गाडी आणि तासाभराचं काम परवडत नाही, त्यामुळे काही कंपन्यांचा खरा धंदा तुमच्या बेसमेंटमध्ये उतरल्यावर सुरू होतो. आमच्या वाट्याला अशीच एक आली.

आमची फर्नेस पेटायची आणि काही सेकंदांत विझायची. आई-बाबा कोल्हापूरहून आलेले, घरात तान्हं बाळ. कूपनवाला माणूस थोडा वेळ खाली होता, वर येऊन त्याने फोनवर फोटो दाखवला: गंजलेल्या पत्र्याला आडवा तडा. "तुमचा हीट एक्स्चेंजर फुटलाय, घरात कार्बन मोनॉक्साइड पसरेल." त्याने गॅस बंद केला, फर्नेसला 'धोकादायक, वापरू नका' असा लाल टॅग लावला आणि आईच्या मांडीवरच्या बाळाकडे बघून म्हणाला, "आज रात्री इथे झोपू नका." लगेच नव्या फर्नेसचं कोटेशन पुढे आलं: ९,४०० डॉलर, आजच सही केली तर हजार कमी. सही झाली, दोन हजार अ‍ॅडव्हान्स कार्डावरून गेले.

संताप याचा येतो, की धोका खोटा नाही. एक्स्चेंजरच्या आतून जळालेला वायू जातो आणि बाहेरून घरातली हवा तापते. मधला पत्रा फाटला तर तो वायू हवेत मिसळू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून तर आईवडील असा माणूस काय सांगतो ते मुकाट्याने ऐकतात.

तो फोटो मी मागून घेतला होता. रात्री फर्नेसचं झाकण काढून पाहिलं. बर्नरच्या मागे चार गोल नळ्या. फोटोत मात्र दोन चपटे पत्रे दाबून जोडलेला, शिवणीचा एक्स्चेंजर होता. म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी फर्नेसचा फोटो!

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या ओळखीतला लायसन्सवाला टेक्निशियन बोलावला. त्याने बाबांना शेजारी उभं करून नळ्यांत कॅमेरा घातला, कार्बन मोनॉक्साइड मोजला, ब्लोअर (गरम हवा घरात ढकलणारा पंखा) सुरू झाल्यावर ज्वाळा हलते का तेही दाखवलं. तडा असला तर ती अनेकदा त्याच क्षणी फडफडते. आमची स्थिर होती. दोष निघाला फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत पेटली आहे का ते ओळखणाऱ्या भागावर, चढलेल्या थराचा. ती बारीक दांडी त्याने स्टील वूलने घासली आणि फर्नेस चालू झाली.

पहिल्या, कूपनवाल्या माणसाने एक गोष्ट बोलूनसुद्धा दाखवली नव्हती. एक्स्चेंजरची वॉरंटी बाकी भागांपेक्षा बरीच लांब असते. आमची वीस वर्षांची, फर्नेस बारा वर्षांची. खरोखर फुटला असता तरी पार्ट फुकट मिळाला असता, मजुरी तेवढी पडली असती. कुणी 'फुटलाय' म्हटलं की आधी मॉडेल आणि सीरियल नंबर घेऊन बनवणाऱ्या कंपनीला विचारा.

घरी येऊन केलेली विक्री फेडरल नियमाप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येते. शनिवार धरतात, रविवार नाही. दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने दुरुस्तीपलीकडे काही विकलं तर त्यालाही हा नियम लागू आहे. मात्र 'तातडीची गरज आहे, मी रद्द करण्याचा हक्क सोडतो' असं तुमच्याच हस्ताक्षरात लिहून घेतलं तर हक्क जातो. असा कागद पुढे आला तर अजिबात लिहून देऊ नका. आम्ही दिला नव्हता. रद्द केल्याचं पत्र सर्टिफाइड मेलने पाठवलं. कंपनी टाळाटाळ करायला लागली तेव्हा कार्डवाल्या बँकेकडे तक्रार केली आणि अ‍ॅडव्हान्स परत मिळाला.

तक्रार राज्याच्या ग्राहक विभागाकडेही केली आहे. कुणालाही घरी बोलावण्याआधी त्याचा एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसीच्या कामाचा) लायसन्स नंबर राज्याच्या साइटवर तपासा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजलाच तर कुणाच्या मताची वाट न बघता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथून ९११ लावा.