पाकिटं फोडावीत की एकच जुनं कार्ड घ्यावं?

न्यू जर्सीतल्या भाच्याचा प्रश्न: "मामा, वाढदिवसाच्या पैशांत बेसबॉल कार्डांची नवी पाकिटं घेऊ की एकच जुनं कार्ड?"

बेसबॉल कार्डं म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली, जमवायची पुठ्ठ्याची कार्डं. आधी पैशाचं. बंद पाकिटात कोणती कार्डं निघतील ते नशिबावर. बहुतेक वेळा पाकिटाची किंमतही सुटत नाही. सुटं कार्ड घेताना साल, खेळाडू, कोपरे नीट पाहता येतात, आधीचे सौदेही तपासता येतात.

टिकायचं म्हणाल तर दोन्ही पुठ्ठाच. नव्या कार्डाचा कोपरा टेबलावर एकदा आपटला की पांढरा पडतो. पीएसएसारख्या कार्ड तपासणाऱ्या कंपन्यांनी १ ते १० श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या कवचात बंद केलेलं कार्ड जपलं जातं, पण बोटांना त्याचा स्पर्श नाही. मला ते खटकतं.

भाव वाढेल का? टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं १९५२चं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या मालिकेचा न खपलेला साठा समुद्रात बुडवला, असं टॉप्सचे साय बर्जर सांगत. उलट १९८०च्या दशकाअखेरीस कंपन्यांनी बेसुमार कार्डं छापली, लोकांनी खोकीच्या खोकी जपली. आज त्यातल्या बहुतेकांना विचारणारं कुणी नाही.

शाळेत अदलाबदल करायची, रंगलेल्या गप्पा हव्यात, तर पाकिटंच घे, दोन-तीनच. आवडत्या खेळाडूची आठवण वर्षानुवर्षं जपायची असेल तर सुटं कार्ड. कमाईसाठी मात्र दोन्ही नकोत. ते पैसे बँकेत टाक.