तांबड्या रश्श्याबरोबर रेड ब्लेंड की गोड वाईन?

कोल्हापुरी जेवणाला बोलावलेल्या पाहुण्यांतले निम्मे वाईन क्वचितच घेणारे असतील आणि बाटली एकच आणायची असेल, तर निवड बहुधा दोनच गोष्टींत उरते. एक महाराष्ट्रातलं रेड ब्लेंड, म्हणजे दोन-तीन जातींच्या द्राक्षांची मिश्र लाल वाईन, दुसरी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां, म्हणजे शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची गोड वाईन.

रेड ब्लेंडची बाजू कमकुवत मुळीच नाही. अकलूजच्या फ्रातेल्ली वाईन कंपनीची ‘सेत्ते’ सांजिओव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या मिश्रणाची, नाशिकच्या सुला कंपनीचं ब्लेंड शिराज-कॅबर्ने द्राक्षांचं. कॅबर्ने वाईनला बांधा देते, शिराज फळाचा भरीवपणा. पांढरा रस्सा, कमी तिखटाचं भाजलेलं मटण, चीज यांच्याबरोबर रेड ब्लेंड उत्तम जमतं.

अडतं ते तांबड्या रश्श्यापाशी. लाल वाईनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं आणि तोंड कोरडं करतं. त्यात 13-14 टक्के अल्कोहोल मिरचीची जळजळ आणखी भडकवतं. कांदा-लसूण मसाल्यानंतर घोट घेतला की फळाची चव हरवते, कडवटपणा आणि आग तेवढी उरते. वाईन चांगली असूनही नवखा माणूस ग्लास बाजूला सारतो आणि पाणी मागतो. माझा कौल इथंच फिरला.

लेट हार्वेस्टसाठी द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवतात, त्यामुळं त्यांत साखर वाढते. आंबवताना ती सगळी संपू देत नाहीत, गोडवा येतो तो तिथून. हा गोडवा तिखटाची धार बोथट करतो. शेनिनचा आंबटपणा मुळातच पक्का, म्हणून ती पाकासारखी लागत नाही.

एक चूक मात्र हमखास होते. लेट हार्वेस्टला डेझर्ट वाईन, म्हणजे गोडाची वाईन म्हणतात म्हणून ती बासुंदी-श्रीखंडाबरोबर ओततात. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन पाणचट आणि आंबट लागते. कोल्हापुरात तिची जागा रश्श्याच्या वाटीशेजारी, नाहीतर जेवणानंतर नुसतीच. फार तर एखादं आंबटगोड फळ बरोबर ठेवावं.

ओतायची 60-75 मिली, 8 ते 10 अंशांवर, म्हणजे फ्रीजमध्ये तीन तास तरी हवेत. गार झाली नाही तर गोडवा जड वाटतो. रेडला 16-18 अंश पुरतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान त्याहून कितीतरी वर असतं, तेव्हा तीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. उघडलेली रेड बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तरी तीनेक दिवसांत उतरते, गोड वाईन साधारण आठवडाभर टिकते. शिवाय ती 375 मिलीच्या छोट्या बाटलीतही मिळते, चार-पाच जणांना तेवढी पुरते.

जेवण पांढऱ्या रश्श्याचं किंवा सौम्य असेल, किंवा पाहुण्यांना कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाईन रुचत असेल, तर रेडच घ्यावी, त्यात दुमत नाही. तांबडा असेल तर मी तरी लेट हार्वेस्टच सुचवेन. कुठलीही घ्या, उन्हात मांडलेली बाटली नको. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तर वाईन तापलेली असते, दुसरी मागावी.