मुलग्याचं पहिलं वर्ष: कपडे तुळशीबागेतून घ्यावेत, मॉलमधून, ऑनलाइन की शिवून?

दुकानात मुलींच्या कपड्यांच्या चार रांगा आणि मुलग्यांची एक. त्या एका रांगेतही अर्धे कपडे गाड्या आणि डायनासोरचे, उरलेल्यांवर छातीभर इंग्रजी वाक्यं. पुण्यात वर्षाच्या आतल्या मुलग्यासाठी खरेदीला निघालेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. त्यातून अंगाला मऊ, दिसायला सुबक आणि खिशाला परवडणारं हवं असेल, तर पर्याय तसे बरेच आहेत: कापड आणून शिवणं, नात्यातल्या मोठ्या भावंडांचे वापरलेले कपडे, तुळशीबाग-लक्ष्मी रोड, ऑनलाइन, आणि मॉलमधली साखळी दुकानं. माझं मत आधीच सांगते. बाळाच्या वयाप्रमाणे दुकान बदलावं. जे झबल्यासाठी उत्तम, ते रांगणाऱ्या मुलाच्या पँटसाठी उपयोगाचं नाही.

याचं कारण वाढीच्या वेगात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातला मुलग्यांचा मधला आकडा बघा: जन्मताना लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, तीन महिन्यांना ६१, सहा महिन्यांना ६७ ते ६८, वर्षाला ७५ ते ७६. पहिल्या तीन महिन्यांत अकरा सेंटिमीटर, आणि शेवटच्या सहा महिन्यांत मिळून आठ. म्हणजे ० ते ३ महिने असं लिहिलेला कपडा सगळ्यात आधी आखूड होतो. आणि बाळंतविड्यात, भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्यांतही नेमका त्याच मापाचा ढीग जमतो. या मापावर स्वतःचे पैसे कमीत कमी घालावेत. "काय आणू?" असं कुणी मोकळेपणाने विचारलं, तर संकोच न करता सहा ते नऊ महिन्यांचं माप सांगावं.

पहिले तीन महिने: झबलं की रेडीमेड रॉम्पर

इथे माझा कौल निःसंशय झबल्याला. पुढून उघडं, नाडीचं, सुती झबलं. मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यातून कपडा घालावा लागत नाही. नाळ गळून पडायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात; तोवर पोटावर काही घट्ट नको असतं, आणि झबलं तिथे मोकळं राहतं. मांडीत टिचबटणं लावायचा रॉम्पर दिसतो गोड, पण दिवसातून दहा वेळा लंगोट बदलताना रात्री दोन वाजता ती बटणं जुळवणं हे काम नाही, शिक्षा आहे.

कापड मलमल. एक मीटर मलमलीत नवजात बाळाची तीन झबली आरामात निघतात. मीटरला शंभर-दीडशे आणि वर थोडी शिलाई, म्हणजे एक झबलं बाजारातल्या बऱ्या रेडीमेड झबल्यापेक्षा स्वस्तच पडतं. शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांगा. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे आतून अंगाला काही लागणार नाही. आणि नाड्या छातीच्या बाजूला, गळ्याशी एकही नको. आपल्याकडच्या आज्या झबलं उलटं करून घालतात, ते याच कारणासाठी, शिवण टोचू नये म्हणून. नवं कापड शिवण्याआधीच एकदा धुवून टाका. खळही जाते आणि कापड आटायचं तेवढं आटून घेतं.

वापरलेले कपडे या वयात नव्यापेक्षा चांगले, असं मी म्हणेन. अनेक घरांत पहिल्यांदा बाळाला जुनंच घालायची रीत आहे. पन्नास वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ नवं काही मिळत नाही. आजीच्या सुती साडीचं दुपटं तर आहेच. पण एक गोष्ट कळकळीने सांगते: ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे, दुपटी, पांघरुणं तान्ह्या बाळाला वापरू नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांमध्ये जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात आणि कावीळ वाढते. एक साधं धुणं त्यावर पुरेसं नाही. वास येत असेल तर तो कपडा बाजूला ठेवा, कितीही आठवणीतला असो.

तीन ते नऊ महिने: तुळशीबाग की ऑनलाइन

खरी तुलना इथे आहे, कारण या सहा महिन्यांत कपडे लागतात भरपूर. लाळ, दूध, सहाव्या महिन्यापासून भाताची पेज, वरणाचं पाणी. दिवसाला चार-पाच जोड सहज जातात.

बाजाराची मोठी ताकद म्हणजे हात लावून बघता येणं. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडच्या बोळांत मिळणारी होजिअरी बरीचशी तिरुप्पूरकडची असते, आणि तिच्यात उत्तम माल निकृष्ट मालाच्या शेजारीच टांगलेला असतो. तो ओळखायला मिनिटभर पुरतं. कपडा उलटा करा. ओव्हरलॉकचा, म्हणजे आतल्या कडा बांधणाऱ्या शिलाईचा, दोरा नायलॉनचा असेल तर बोट फिरवताच चरचरतो. बाळाच्या काखेत तोच चरचरणार. गळा दोन्ही हातांनी ताणून सोडा. तो लगेच जागेवर आला पाहिजे, लोंबत राहिला तर दोन धुण्यांत पसरेल. टिचबटण ओढून बघा, आणि त्याच्या मागे कापडाची जादा पट्टी आहे का ते पाहा. पट्टी नसेल तर बटणासकट कापड फाटतं. गडद लाल किंवा निळा रंग असेल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूने चोळा. रुमालाला रंग लागला, तर कपडा परत ठेवा. दुकानदार हल्ली याला वाईट मानत नाहीत. शेवटी छापील चित्रावर हात फिरवा: रबरासारखं जाड लागलं, तर तेवढ्या भागातून हवा जात नाही आणि उन्हाळ्यात नेमकं तिथेच घामोळं उठतं.

बाजाराची उणी बाजू म्हणजे मापं. लेबलवरच्या महिन्यांवर अजिबात विसंबू नका. बाळाला आत्ता नीट बसणारा एक कपडा पिशवीत घेऊन जा आणि त्यावर ठेवून मोजा. बदलून देण्याचा भरवसा नसतो, तेव्हा एका दुकानातून एकदम बारा नग घेण्यापेक्षा दोन घ्या, धुवा, मग पुन्हा जा.

ऑनलाइन यातलं काहीच करता येत नाही, पण बाजारात सहज न मिळणारं तिथे मिळतं: एकाच रंगकुळातले साधे, चित्र नसलेले पाच-सहा नगांचे संच. फर्स्टक्राय ही २०१० साली सुरू झालेली, पुण्यातच मुख्यालय असलेली कंपनी. तिची दुकानंही आहेत, त्यामुळे बेबीहगसारख्या तिच्या ब्रँडचं कापड आधी हाताने बघून मग घरून मागवता येतं. सवलती तिथे सतत चालू असतात, तेव्हा छापील किमतीवरची टक्केवारी सोडा आणि प्रत्यक्ष एका नगाला किती पडले ते बघा. दीडशे ते अडीचशेमध्ये रोजचा चांगला टी-शर्ट बसला, तर सौदा बरा. वर्णनात 'कॉटन ब्लेंड' लिहिलं असेल तर पॉलिस्टर आहे असं धरून चाला. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, दिला असेल तर उन्हाळ्यासाठी १४० ते १६०, थंडीसाठी १८० च्या पुढे. आणि महिन्यांऐवजी सेंटिमीटरमधली मापं वाचा, कारण एका ब्रँडचे सहा महिने दुसऱ्याचे नऊ असतात.

एक बारकावा ऑनलाइन घेताना जरूर शोधा: खांद्यावर पुढची बाजू मागच्या बाजूवर चढवलेला, दुमडीचा गळा. बाळाने मोठी घाण केली की असा कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून पायांतून काढता येतो. केस, चेहरा, सगळं वाचतं. मी तर याच एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे देईन.

रोजच्या वापरापुरतं ठरवायचं झालं, तर वेळ आणि पारख असेल त्यांनी तुळशीबाग, नसेल त्यांनी ऑनलाइनचे साधे संच.

रांगायला लागल्यावर

नवव्या महिन्याच्या पुढे झुडिओ, मॅक्स, वेस्टसाइड यांसारखी दुकानं कामाला येतात. कपडे स्वस्त, रंग बरे, मापं एकसारखी. झुडिओ ऑनलाइन विकत नाही, जावंच लागतं. मात्र इथे एक मोह टाळा: छोट्या पुरुषासारखे कपडे. जीन्स, पट्टा, जाकीट, बो. जीन्समध्ये रांगणाऱ्या मुलाचे गुडघे वळत नाहीत, आणि कमरेची जाड शिवण बसल्यावर पोटात रुतते. सैल सुती पँट, रुंद मऊ इलॅस्टिक, डायपरला मागे जागा, एवढं पाहिलं की झालं.

ऑर्गॅनिक कापडाचे महागडे ब्रँड? गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राचं चिन्ह असेल तर कापडात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा असतो. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० या दुसऱ्या प्रमाणपत्रातला पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तो घातक रसायनांची तपासणी झाल्याचं सांगतो. बाळाला इसब असेल, त्वचा सतत लाल होत असेल, तर अंगाला लागून असलेल्या दोन-तीन कपड्यांवर हा खर्च योग्य. बाकीच्यांनी दोनदा धुतलेल्या साध्या सुतीवर समाधान मानावं.

देखणेपणाचं काय

थोड्या पैशांत बाळ नीटनेटकं दिसतं ते रंगांमुळे. तीन रंग ठरवा आणि सगळं त्यातच घ्या. मग अंधारात हाताला येईल तो टी-शर्ट कुठल्याही पँटवर जातो. निळ्या-राखाडीच्या बाहेर या. हळदी, गेरू, मेंदीचा हिरवा, हे रंग आपल्या मुलांच्या वर्णावर फार खुलतात, आणि मालिशीच्या तेलाचे, हळदीचे, काजळाचे डाग त्यांत दडतातही. शुभ्र पांढरा आठवडाभरात पिवळा पडतो. हे रंग मुलग्यांच्या रांगेत नसतील तर मुलींच्या रांगेत बघा. वर्षाच्या आत साध्या टी-शर्टचा आणि पँटचा बेत एकच असतो. बारीक रेघा, बारीक चौकडी, ठशांची लहान नक्षी कधीही शोभते. लक्ष्मी रोडवर बगरू छपाईचा (राजस्थानी ठशांची छपाई) अर्धा-पाऊण मीटर कटपीस मिळाला, तर त्यातून वर्षाच्या मुलाचा बिनकॉलरचा सदरा निघतो, आणि तसा दुसरा सोसायटीत कुणाकडे नसतो.

ऋतूचं गणित मांडून घ्या. जूनमध्ये जन्मलेला मुलगा डिसेंबरात सहा महिन्यांचा असतो, तेव्हा स्वेटर सहा ते नऊच्या मापाचा. नवजात मापाचा विणलेला सेट त्याच्या अंगाला लागणारच नाही. विणणाऱ्या मावशी-आत्यांना हे आधी सांगा, लोकर आणायच्या आत.

समारंभाच्या कपड्यांवर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. बारशाला रेडीमेड धोतर-कुर्ता घेतात, तो बहुधा पॉलिस्टरचा जरीकाठी असतो. घ्यायचाच तर आत सुती झबलं घाला, फोटो झाले की काढा. त्याऐवजी खणाची किंवा जुन्या पैठणीच्या काठाची, आतून मलमलीचं अस्तर लावलेली कुंची शिवून घेतली, तर ती देखणीही दिसते आणि पुढच्या भावंडालाही जाते. बोरन्हाणाला काळा कपडा लागतो आणि संक्रांतीच्या आधी बाजारात चकचकीत सॅटिनचे काळे कुर्ते भरून येतात. हलव्याचे दागिने अंगावर टोचतात ते टोचतातच, त्यात खाली सॅटिन नको. साधा काळा सुती कुर्ता डिसेंबरातच शिवायला टाका, एक माप मोठा, बाह्या दुमडता येतील असा. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण कधीही केलं तरी चालतं, आणि तोच कुर्ता पांढऱ्या सुती पायजम्यावर गणपतीपर्यंत पुरतो.