हॉकी स्टिक प्रोब: बोटांच्या टेंडनसाठी काही महिने वापरल्यावर

सोनोग्राफीचं मशीन जुनंच, त्याला जोडलेला ८ ते १८ मेगाहर्ट्झचा हॉकी स्टिक प्रोब (अंगावर टेकवायचा, हॉकीच्या काठीसारखा वाकडा भाग) मात्र नवा. तोंड जेमतेम अडीच सेंटीमीटर. हाताच्या केसेस रोज येत असतील तर घ्यावा. मात्र तो आला म्हणून नेहमीचा लिनियर (सरळ, मोठ्या तोंडाचा प्रोब) कपाटात ठेवू नये.

खरी कमाई ट्रिगर फिंगरमध्ये, म्हणजे मिटता-उघडताना अडकणाऱ्या बोटात होते. तळहात वर, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी, डेप्थ दीड ते दोन सेंटीमीटर, फोकस टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) पातळीवर. सुरुवात मेटाकार्पलच्या (तळहातातल्या हाडाच्या) डोक्यावर आडव्या छेदाने करायची. हाडावर व्होलर प्लेट (सांध्याची तळहाताकडची जाड पट्टी), तिच्यावर बोट वाकवणारी दोन्ही फ्लेक्सर टेंडन (सुपरफिशिअलिस आणि प्रोफंडस) आणि त्यांना कवटाळून हाडाशी धरणारा पट्टा, म्हणजे ए१ पुली. निरोगी पुली साधारण अर्धा मिलीमीटर जाड असते. अडकणाऱ्या बोटात बहुधा एक मिलीमीटरच्या आसपास किंवा पुढे, काळपट आणि फुगीर. जाडी बरोबर मधोमध मोजा. बाजूंना पुली वळते, तिथे बीम तिरका पडतो आणि ॲनिसोट्रॉपीमुळे (तिरक्या बीमचा प्रतिध्वनी कमी परतल्याने) चांगली पुलीही काळी, जाड भासते. शंका आली तर दुसऱ्या हाताचं तेच बोट बघा. मग प्रोब ९० अंशांत फिरवून रुग्णाला बोट मिटायला-उघडायला सांगायचं. टेंडनचा जाडावलेला भाग पुलीच्या कडेशी थबकतो आणि झटक्याने सुटतो, हे पडद्यावर स्पष्ट दिसतं. मोठा लिनियर नेमका याच वेळी मिटणाऱ्या बोटाच्या आड येतो.

पुढच्या, पहिल्या पेरावरच्या ए२ पुलीच्या पातळीवर नवखे हमखास फसतात. इथे सुपरफिशिअलिस दुभंगतं, त्याच्या दोन फाका प्रोफंडसच्या बाजूने मागे जातात आणि मधल्या पेरावर चिकटतात. आडव्या छेदात ते उभ्या फाटीसारखं दिसतं आणि रिपोर्टमध्ये ‘पार्शिअल टिअर’ उतरतं. उपाय सोपा: मधला सांधा सरळ धरून फक्त टोकाचा सांधा वाकवा. हलेल ते प्रोफंडस.

ए२ तुटल्याची शंका असेल, विशेषतः भिंतीवर चढणाऱ्यांमध्ये, तर बोट विरोधाला दाबायला लावून उभ्या छेदात टेंडन आणि पहिल्या पेराचं हाड यांतलं अंतर मोजायचं. दोन मिलीमीटरच्या वर गेलं तर बोस्ट्रिंगिंग (टेंडन धनुष्याच्या दोरीसारखं हाडापासून सुटणं) समजावं. विश्रांतीत मोजलं तर तुटलेली पुलीही निसटते.

अंगठ्याला वेगळी सवय लागते. अंगठा वाकवणारं टेंडन, फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस, दोन छोट्या सेसमॉइड हाडांच्या मधून जातं, तीच खूण धरायची. थेनार (अंगठ्याच्या बुडाच्या) स्नायूंमधून ते तिरकं येतं. प्रोब तळहाताच्या उभ्या रेषेत ठेवलात तर अर्धं टेंडन छेदाबाहेर जातं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या पहिल्या कप्प्यात ॲबडक्टर पॉलिसिस लाँगसचे (अंगठा बाजूला नेणाऱ्या टेंडनचे) दोन-तीन पदर सर्रास असतात, त्यांना फाटलेलं म्हणू नये. मात्र एक्स्टेन्सर ब्रेव्हिसला (अंगठा सरळ करणाऱ्या टेंडनला) वेगळं करणारा पडदा जरूर शोधा आणि रिपोर्टमध्ये लिहा. तो असताना इंजेक्शन एकाच खणात गेलं, तर डी कर्वेनचं (याच कप्प्यातल्या टेंडनचं) दुखणं तसंच राहतं.

एक्स्टेन्सर बाजूला (बोटाच्या पाठीकडे) दाब हा पहिला शत्रू. टेंडन मिलीमीटरपेक्षाही पातळ, वर कातडीच्या सुरकुत्या. जेलचा जाड थर द्या आणि प्रोब जेलवर तरंगता ठेवा. करंगळी रुग्णाच्या हातावर टेकवली की हात स्थिर राहतो. जरा दाबलं की शीथमधलं (टेंडनभोवतीच्या आवरणातलं) पाणी बाजूला सरकतं आणि रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लरचा रंग जातो. मग ‘टेनोसिनोव्हायटिस (आवरणाची सूज) नाही’ असा धादांत चुकीचा रिपोर्ट निघतो. मंद प्रवाहही दिसावा म्हणून डॉप्लरला पीआरएफ (पल्स किती वेगाने सोडायचे ते) खाली आणा, मंद संकेत गाळणारा वॉल फिल्टरही कमीत कमी. कंपनीचा ‘मस्क्युलोस्केलेटल’ प्रीसेट मोठ्या सांध्यांसाठी बेतलेला निघाला. बोटांचा स्वतःचा प्रीसेट बनवून सेव्ह करणं पहिल्याच आठवड्यात उरकावं.

उणिवाही कमी नाहीत. जर्सी फिंगरमध्ये (टोकाच्या पेरापासून प्रोफंडस सुटतं ती दुखापत) प्रोफंडसचं तुटलेलं टोक तळहातापर्यंत मागे सरकू शकतं. अडीच सेंटीमीटरच्या खिडकीतून ते शोधणं म्हणजे किल्लीच्या भोकातून हॉल बघणं. तिथे मुकाट्याने लिनियर घ्यावा, टोक सापडलं की कातडीवर पेनाने खूण करावी. सर्जनला रिपोर्टमधल्या वाक्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडते. दोन-अडीच सेंटीमीटरच्या खाली चित्र धूसर होतं, म्हणून जाड मनगटात कार्पल टनेलसाठीही (मनगटातल्या नस-टेंडनच्या बोगद्यासाठी) याचा हट्ट नको.

टिकाऊपणाचं म्हणाल तर लेन्सपेक्षा केबलची काळजी जास्त. बोटाभोवती सतत फिरवताना मानेपाशी पीळ बसतो; दर रुग्णानंतर केबल सरळ करून हुकवर टांगावी. लेन्स स्पिरिटने पुसू नका, मॅन्युअलमध्ये दिलेलेच वाइप्स वापरा. महिन्यातून एकदा जेल पुसून, प्रोब हवेत धरून कोरड्या तोंडावरून पेपरक्लिप हळू सरकवावी. क्लिपखालचा प्रतिध्वनीचा पट्टा एखाद्या जागी विझला, तर तिथले एलिमेंट (आवाज सोडणारे-टिपणारे बारीक स्फटिक) गेलेत. वॉरंटी संपायच्या आधी ही चाचणी करून तिची व्हिडिओ क्लिप सेव्ह करून ठेवा.